चारचा फोन बंद

६ जानेवारी, सोमवार
नांदेडला दोन दिवसांचं कार्यक्षमता शिबिर करून आलो. डोळे उघडले. आपल्या लातूरच्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात निम्मी कामं फालतू आहेत. मी अधीक्षक असताना हे चालणार नाही. महिनाभरात यादी, मग अहवाल, मग प्रशासकीय अधिकारीपद. सचिवांनी तसं सुचवलंच आहे. म्हणजे, मी विषय काढल्यावर ते हसले.

७ जानेवारी
पहिलं फालतू काम सापडलं. रोज दुपारी बरोब्बर चारला अहमदपूरहून रेवणप्पांचा लँडलाइनवर फोन. अकरा वर्षांपूर्वी रिटायर झालेले हेडक्लार्क. प्रश्न एकच, रेकॉर्ड रूमची खिडकी लावली का. शिपाई हणमंत उठतो, बघून येतो आणि सांगतो, "हाव अप्पा, लावली." चार मिनिटं. म्हणजे वर्षाचे वीस तास. कॅलक्युलेटरवर दोनदा केलं.

९ जानेवारी
लँडलाइन बंद करवली. क्लार्क राजश्री मॅडम म्हणाल्या, "साहेब, काकू गेल्यापासून अप्पांना तेवढाच आधार हाय." मी म्हणालो, भावना आणि कार्यालय यांची गल्लत नको. वाक्य चांगलं जमलं. अहवालात घेणार.

१० जानेवारी, दुपारी ४
सगळ्यांनी एकदम फोनकडे बघितलं. सवय आहे, जाईल.

१५ जानेवारी
अप्पांची मुलगी अक्षरा हिचा राजश्री मॅडमच्या मोबाइलवर फोन. अप्पा चारला रिसीव्हर कानाला लावून बसतात, "हापिस बंद पडलं वाटतं" म्हणतात. जेवण तुटलंय. मी कळवलं, चौकशी ईमेलने करावी. नंतर वाईट वाटलं. पण एक अपवाद केला की शिस्त गेली.

२० जानेवारी, दुपारी ४
फोन वाजला. स्पष्ट ऐकला. वायर तर गुंडाळून माझ्याच कपाटात ठेवलेली आहे. शेजारच्या ऑफिसचा असेल.
शेजारी ऑफिस नाही, रसवंती आहे.

२२ जानेवारी
पुन्हा वाजला. हणमंतला सहज विचारलं, काही ऐकू आलं का. म्हणाला, "आमाला रोजच येतंय साहेब. आमी कुणाला सांगून राहिलो का?"

२४ जानेवारी
चारला खिडकी बघून आलो. लावलेली होती. फोनशी याचा काही संबंध नाही. चहाआधी थोडं चालावं, असं डॉक्टर म्हणतात.

२७ जानेवारी
खिडकी उघडी. शनिवारी मीच लावली होती, कडी ओढून बघितली होती. रेकॉर्ड रूममध्ये उभं राहवेना. फायली कमी कराव्यात, हवा कोंडते.

३० जानेवारी
रेवणप्पा काल दुपारी गेले. किती वाजता ते मी विचारलं नाही. हणमंतने न विचारता सांगितलं.
आज मातीला जायला हवं होतं. सगळे गेले. मला अहवाल आडवा आला. खरं म्हणजे भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

३१ जानेवारी
अहवाल दिला. शेवटचं वाक्य: ‘अनावश्यक कामे बंद केल्याने कार्यालय आता आपोआप चालते.’ वाचताना स्वतःचंच कौतुक वाटलं. चारला कानात कापूस घातला. कापसातूनही येतं.

१२ फेब्रुवारी
सचिवांनी अहवाल जसाच्या तसा मान्य केला. कार्यालय आपोआप चालतं, मग अधीक्षक कशाला? पद रद्द. मला किनवटच्या वसतिगृहावर ‘विशेष कार्य’. बढतीची ही पहिली पायरी असते, असं ऐकलंय. राजश्री मॅडमनी विचारलं, "कुणाकडून?"

२० फेब्रुवारी, किनवट
एक टेबल, एक खुर्ची, खिडकीबाहेर साग. विशेष कार्य अजून आलेलं नाही. इथे लँडलाइनच नाही, म्हणून निवांत होतो. पण साडेतीन वाजले की काही सुचत नाही.
चारला हणमंतच्या मोबाइलवर फोन लावला. खिडकी लावली का, एवढंच विचारलं. तो उठला असावा. चपलांचा आवाज लांब गेला, परत आला. म्हणाला, "हाव अप्पा, लावली."
चुकून म्हणाला असेल. रात्री झोप मात्र चांगली लागेल असं वाटतं.
उद्यापासून करणार नाही. मोबाइलला पावणेचारचा अलार्म लावून ठेवलाय, फोन करायचा नाही हे लक्षात राहावं म्हणून.