मनगटावरची टिकटिक

३ मार्च

माझ्या लाडक्या भिंगरीला,
पोटभर आशीर्वाद, आणि त्यातले निम्मे पोटातल्याला.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. दारातच उभी राहून वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. सातवा लागला की गं! पायावर सूज नाही, झोप लागते, जावईबापू रोज पायांना तेल लावून देतात, हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना सांग, बाळ झाल्यावर ही नोकरी सुटायची नाही, उलट बढती मिळेल.

इथे सगळं ठीक. बुधवारची बैठक चालू आहे. पुढच्या खोलीत तीच चटई, तेच लोड, खिडकीतून येणारं तेच दुपारचं पिवळं ऊन. सध्या पाच पोटुशा येतात. भिंतीला टेकून बसल्या की हळूहळू सगळ्यांचा श्वास एका चालीने चालायला लागतो आणि मलाही पेंग येते. टपालातली बाई पहिलटकरीण, तिला सगळ्याचीच भीती. बाळाला अंगाशी बांधून कामं कशी करायची ते दाखवायला मी छातीशी उशी बांधून खोलीभर नाचले, तर सगळ्या हसून लोळल्या. अंगाला अंग लागू द्या, मागेल तेव्हा पाजा, रडलं की उचला, घड्याळ भिंतीवरच राहू द्या. माझी विद्या म्हणजे एवढीच.

मुंगीही असते. माझ्या हाताखाली शिकली, एका जागी पाच मिनिटं बसत नाही, म्हणून मुंगी. आता परीक्षा देऊन पक्की सुईण झाली आहे. तुझं तिच्याशी पटत नाही, मला ठाऊक आहे. हल्ली ठोके ऐकायची नळी ती धरते, मी गप्पा धरते.

नळीवरून आठवलं. ती लाकडी नळी घेऊन तू मांजरीच्या मागे लागायचीस. एक तोंड तिच्या पोटावर, दुसरं तुझ्या कानाला, आणि आतल्या पिल्लांचे ठोके बोटाने माझ्या मनगटावर वाजवायचीस, मी येणाऱ्या बायकांच्या मनगटावर वाजवते तसे. एवढी गंभीर असायचीस, की मांजरीने नख मारलं तरी बोट थांबायचं नाही.

तू लिहिलंयस, ‘मला माझ्याच घरी बाळंत व्हायचंय, आणि माझ्या बाळाची टिकटिक माझ्या मनगटावर तूच वाजवायचीस.’ वाचून फार भरून आलं गं. येण्याचं बघते. दवाखान्यातली तपासणी मात्र एकही चुकवू नकोस.

आणि फोन नको करूस. आमच्याकडची लाईन फार खरखरते. पत्रच बरं.

तुझी
आई


१९ मार्च

प्रिय भिंगरी,
आशीर्वाद घे. रागावली असलीस तरी घे, ते रागावर चालतात.

‘बघते’ म्हणजे काय, असं विचारलंस. अगं, गुडघे बोलतात. बसचा प्रवास सहा तासांचा. शिंपिणीचे दिवस भरत आलेत. आणि मुंगी माझ्याहून चांगली आहे, हे तुला खोटं वाटेल, पण तिचा हात हलका आहे. ती यायला तयार आहे. मी तिच्याशी बोलले.

तुझं शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. ‘तू सगळ्या वस्तीची आई झालीस, माझी तेवढी राहून गेलीस.’

शाळेच्या नाटकात तू झाड झाली होतीस आणि पडदा वर जायच्या आत मला बोलावणं आलं. तुझ्या लग्नाच्या जेवणातून मी हात धुऊन उठले, तर तू नुसतं ‘जा’ म्हणालीस. त्या बाईला त्या दिवशी जुळं झालं. दोन्ही पोरं आता सायकल चालवतात, माझ्या दारावरून घंटा वाजवत जातात म्हणे. मी त्यांना पाहते आणि तुझं ते ‘जा’ आठवतं.

‘म्हणे’ का लिहिलं ते विचारू नकोस.

एवढ्यात इथे सगळं फार शांत वाटतं. सकाळी खिडकीत बसते. समोरच्या झाडावर चिमण्या चोची उघडतात, मिटतात. किटलीच्या तोंडातून वाफ निघते तेव्हा पाणी उकळल्याचं कळतं. खालच्या गल्लीतून माणसं कापसावरून चालावं तशी जातात. वाईट नाही वाटत. मागचे दिवस समोर येऊन बसतात. काल तू पाच वर्षांची होऊन आली होतीस, हातात नळी. मी हात पुढे केला तर डोळा उघडला.

असो. नवऱ्याला सांग, पलंग भिंतीपासून सरकवून ठेवायचा, दोन्ही बाजूंनी माणसाला उभं राहता आलं पाहिजे.

आई


२ एप्रिल

भिंगरी,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. ‘येणार नसशील तर तसं स्पष्ट लिही.’

लिहिते. चहा गार झाला, दुपार कलली, तीन कागद फाडले. आता हा फाडणार नाही.

लाईन खरखरत नाही. माझे कान गेले आहेत. एकदम नाही, दोन वर्षांत हळूहळू गेले. बायका बोलतात ते ओठांवरून कळतं. पण पोटातल्या बाळाचे ओठ दिसत नाहीत.

गेल्या सप्टेंबरात बेकरीवालीच्या कळा सुरू झाल्या. दुसरी खेप, घर आमच्या अंगणाला लागून, खाली भट्टी, वरच्या खोलीत भाजत्या पावाचा ऊबदार वास. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. बाई खिडकीला धरून झुलत होती. सगळं कसं सुरेख चाललं होतं. मी नळी लावली. काहीच ऐकू आलं नाही. जागा बदलली, तरी नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि भिंगरी, मी तिचं मनगट हातात घेतलं आणि वाजवलं. टिकटिक टिकटिक, छान, भरभर, तीस वर्षं वाजवते तसं. सवयीने. ती हसली. म्हणाली, “किती पळतंय गं माझं बाळ!”

नळी लावली की दर वेळी मी तसंच केलं. तीनदा. माझं बोट माझ्या आठवणीतलं बाळ वाजवत होतं.

मुंगी टॉवेल गरम करून वर आली. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, नळी उचलली आणि कळ ओसरल्यावर स्वतः कान लावला. बाई घाबरू नये म्हणून तोंडावरचं हसू तसंच ठेवलं. नुसता माझा हात धरला आणि माझ्या मनगटावर वाजवलं. टिक. मग वाट बघायला लावणारी जागा. मग टिक.

ठोके मंदावले होते. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की मला ऐकू येत नाही हे या पोरीला कधीपासून ठाऊक होतं.

मग एक मिनिट वाया घालवलं नाही. बाईला डाव्या कुशीवर घेतलं, बेकरीवाल्याने पाव पोचवायची गाडी काढली, दवाखान्यात लगेच पोट उघडलं. नाळ गळ्याभोवती दोन वेढे. मुलगी जगली. चांगली गुटगुटीत आहे.

पण तुला लिहायला जड गेलं ते हे नाहीच. पंधरा दिवसांनी बेकरीवाली बाळाला छातीशी बांधून माझ्या दारात आली. हातात गरम पाव. म्हणाली, “तुम्ही वेळेवर ओळखलंत म्हणून ही आहे.” मुंगी माझ्या शेजारीच उभी होती. आणि मी पाव घेतला. ‘माझं कामच आहे ते,’ असं म्हणाले. मुंगी आत जाऊन भांडी घासायला लागली.

तो पाव मी खाल्लासुद्धा.

त्यानंतर मी नळीला हात लावलेला नाही. लोकांना वाटतं, म्हातारी थकली, शागिर्दिणीला पुढे करते, केवढं मन मोठं! ते ऐकू येत नाही, हे एक बरं आहे. काल मात्र बेकरीत गेले आणि बेकरीवालीला सगळं सांगितलं. तिचे ओठ हलले, पण बोलता बोलता तिने तोंड फिरवलं, मला वाचता आलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मुंगीचे पाय धरायला वाकले, तर ती म्हणाली, “बाई, आधी लेकीला कळवा.”

तर कळवते. तुझ्या बाळाची टिकटिक मला ऐकू येणार नाही. तू आयुष्यात माझ्याकडे एवढं एकच मागितलंस, आणि नेमकं तेच माझ्याकडे उरलेलं नाही.

पण एक सांगते, ऐक. तू पोटात होतीस तेव्हा थोरल्या सुईणबाई होत्या. त्यांनी तुझी टिकटिक माझ्या मनगटावर वाजवली, तेव्हा मी पहिल्यांदा तुला ओळखलं. कानाने नाही. मनगटाने. ते मनगट अजून शाबूत आहे.

मी येते. पंधरा तारखेच्या बसने येते आणि बाळ सहा महिन्यांचं होईतो हलत नाही. मुंगी मागाहून येईल, तू हो म्हणालीस तर. ती नळी लावेल आणि जे ऐकेल ते माझ्या मनगटावर वाजवेल. माझा दुसरा हात तुझ्या मनगटावर असेल. तिने वाजवलं तेवढंच मी वाजवेन. एक ठोका कमी नाही, एक जास्त नाही. त्यात काही अडखळलं तर दारात गाडी उभी असेल, आणि तिथून पुढे तू रडलीस तरी मी ऐकणार नाही. तसंही ऐकू येत नाही.

आणि मुंगी नकोच असेल, तर सरळ दवाखान्यात जा. मी बाहेरच्या बाकावर बसेन. या वेळी कुणाचंही बोलावणं आलं तरी उठणार नाही.

एवढ्या वर्षांनी नुसतीच, आणि फक्त तुझीच,
आई