चेष्टा

बाई, तुमची लाकडी पट्टी टेबलावर लघु-गुरू मोजायची, टक् टक्, आणि त्या ठेक्यावर आम्ही हिंदी मुलखातल्या खमरियाची मराठी पोरं डोलत कविता म्हणायचो. चुकलं की तीच पट्टी बोटांवर. कवितेचं वेड मला तिनंच लावलं. अजूनही चहा उकळताना ओठांवर ओळी येतात. एकदा मी निबंधात लिहिलं, 'मी रोज अभ्यासाची चेष्टा करतो.' मला म्हणायचा होता प्रयत्न, हिंदीतल्यासारखा. तुम्ही ते वर्गाला वाचून दाखवलंत. "करतोसच. दिसतंच आहे!" पोरं लोळून हसली.

माझी मुलगी हॉकीत गोलरक्षक आहे, नोकरीही खेळाच्या कोट्यातलीच. मराठी तिला समजतं, बोलताना अडखळते. प्रशिक्षकानं एका कोवळ्या खेळाडूच्या अंगाला हात लावला, तेव्हा ही त्या पोरीसाठी मैदानाच्या फाटकाशी धरणं देऊन बसली. मग खेळणाऱ्या मुलींची संघटना काढली आणि मला न विचारता नाव ठेवलं, 'चेष्टा'. आपल्या मराठी मंडळानं तिचा सत्कार केला. नारळ देताना अध्यक्ष माईकवर म्हणाले, "नाव बाकी बरोबर ठेवलं पोट्टीनं. चेष्टाच तर होऊन राहिली!" सगळे हसले. कौतुक समजून तीही हसली. परतताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "बाबा, सगळे हसले काहून?" मी मराठीतला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "रहने दो. दोन्ही खरं आहे."

आता तिला संघाबाहेर बसवलंय. आज दुपारी चौकशी समितीपुढे त्या पोरीची साक्ष आहे. ती बोलली तर प्रशिक्षक जाईल. नाही बोलली तर माझी मुलगी जाईल, खोटारडी म्हणून. सकाळपासून आतल्या खोलीत ती पॅडवरची वाळलेली माती खरवडते आहे. मी बाहेर बसून तुम्हाला लिहितो आहे. हे पाठवायचं कुठं, ते ठाऊक नाही.

इथवर लिहिलं आणि घंटी वाजली. दारात त्या पोरीची आई. नवी साडी, हातात खोव्याच्या जिलबीचा डबा.

"मुँह मीठा कीजिए, भैयाजी. बिटिया का रिश्ता पक्का हो गया."

"आणि आजची साक्ष?"

"लड़केवालों ने मना किया है. अपनी बिटिया को आप ही समझा देना." डोळे खाली, पण जिलबी माझ्या ओठांशी धरलेली. सवयीनं मी तोंड उघडलं.

ती गेली. आतून मुलगी विचारते आहे, "बाबा, कौन था?"

बाई, जिलबी ताजी होती. मी अजून चघळतोच आहे.