आईचं सकाळचं ताट

साफोतू, सावाई बेट
४ ऑगस्ट १९८६

ती. आकेनेसेताईस,
तानिएलुचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईसाठी पाठवलेल्या मऊ चपला मिळाल्या. चपला आईने उशाशी ठेवल्या आहेत. इतक्या चांगल्या वस्तू पायात घालून मळवायच्या का, असं तिनं मलाच विचारलं.

आता मुद्द्याचं. आईच्या रक्तात साखर फार झाल्याचं डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं, ते तुला कळवलंच होतं. त्या दिवसापासून सकाळची चूल मी हातात घेतली. मासिना आईची सून खरी, पण तिला पलीकडच्या गावी शाळेत शिकवायला जायचं, सहाची बस. तिच्या घाईत रोज लोणी-पाव, नाहीतर पानिकेकेचे तेलात तळलेले गोड गोळे, आणि कोकोत चार-चार चमचे साखर. तो सगळा कारभार मी बंद केला. बोटींची इंजिनं दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नव्हतं, हेही कुणी शिकवलेलं नाही. दवाखान्याच्या भिंतीवरचा पथ्याचा तक्ता मी उभ्या उभ्या उतरवून आणला आणि कामाला लागलो.

हिरवी केळी सालासकट उकडतो. सालाला आधी एक उभी चीर द्यायची, नाहीतर ती वेडीवाकडी फुटतात. बावीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. वर नारळाचं दुसरं दूध, पहिलं नाही. मासा निखाऱ्यावर. पपईवर लिंबू वाढताना पिळायचं, आधी पिळलं तर पाणी सुटतं. कोको बिनसाखरेचा, आणि तोही फडक्यातून दोनदा गाळलेला. इतका मऊ कोको अख्ख्या साफोतूत मिळायचा नाही. खोबऱ्याची पोती तोलायचा काटा लहान वजनाला खोटा पडतो, म्हणून सार्डिनच्या डब्यांची दोन झाकणं आणि मासे धरायची दोरी यांचा तराजू मी स्वतः बनवला. केळी सहा औंस, मासा चार औंस. तक्त्यात आहे तसं, तंतोतंत.

ताट मी मागच्या चुलीपासून पुढच्या घरात नेऊन ठेवतो आणि परत येतो. वडीलधारं माणूस जेवताना तोंडाकडे बघत बसायचं नाही, एवढं मला कळतं. आपल्या दोघी पोरी, लुपे आणि फेतु, आजीशेजारी माश्या वारायला बसतात आणि मग मागे येऊन आपलं खातात. आईचं ताट रोज चाटूनपुसून परत येतं. अडतीस दिवसांत एकदाही घास उरला नाही, वहीत नोंद आहे. साखर उतरली. नर्सनं माझी वही मागून घेऊन पाहिली.

एकच गोष्ट, आईचं वजन नऊ पौंडांनी कमी झालं. नर्सला ते जरा जास्त वाटतं. मी म्हणतो, लोणी सुटलं की अंग उतरायचंच. उलट मासिना म्हणते पोरींचे फ्रॉक काखेत दाटायला लागलेत. म्हणजे माझ्या हाताचा गुण घरात सगळ्यांनाच लागतोय.

काळजी नसावी. माया आहे तशीच ठेव.
तुझा धाकटा,
तानिएलु

ऑकलंड
२१ ऑगस्ट १९८६

चि. तानिएलुस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं. केळ्यांची बावीस मिनिटं वाचून हसू आलं, आणि पुढच्याच पानावर नऊ पौंड वाचून पायाखालची जमीन सरकली. अरे, आई आधीच केवढीशी! तिच्यात नऊ पौंड कमी करायला होते कुठे?

तुझी मेहनत मला दिसते. पण चौदा वर्षांचा असताना तू माझं शिवणयंत्र सुधारलं होतंस, तेव्हाही मेहनत खूप केली होतीस. ते यंत्र अजून उलटंच शिवतं.

मी ऑक्टोबरात मुलांच्या रविवारच्या सणासाठी घरी येते आहे. येताना एक तिकीट, परतीची दोन काढली आहेत. दुसरं आईचं. इथं दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे, आणि माझ्याकडे उन्हाची एक खोली रिकामी पडून आहे. त्या खोलीतून शेजाऱ्यांच्या मोटारीखेरीज काही दिसत नाही, आणि सकाळी कामावर गेलेली मी संध्याकाळी उगवणार, हे मला कळत नाही असं समजू नकोस. आईला तिचं गाव सोडायचं नाही, हेही ठाऊक आहे. पण ती हाडांचा सापळा होईपर्यंत मी इथं बसून पत्रं वाचत राहू का? आपल्यात बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. तू नाही म्हणणार नाहीस हे माहीत आहे, म्हणून तर हे लिहिणं जिवावर आलं.

एक सांगते. त्या वहीतून डोकं वर काढ आणि पोरींचे फ्रॉक का दाटले ते बघ. आपल्या आजीच्या ताटाशेजारी पंखा घेऊन बसायला आपण दोघं का भांडायचो, ते आठवतं का?

मासिनाला आशीर्वाद, पोरींना पापे. राग मानू नकोस, मानलास तरी पत्र लिही.
तुझी,
आकेनेसे

साफोतू, सावाई बेट
१५ सप्टेंबर १९८६

ती. आकेनेसेताईस,
सा. न. वि. वि.

खरं सांगतो, तुझ्या पत्राचा राग आला. शिवणयंत्राचा विषय काढायचं कारण नव्हतं. त्याचा दट्ट्याच मुळात खराब होता.

राग दोन दिवस टिकला. शनिवारी ताट ठेवून मी मागे न जाता पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. पन्नाशीचा माणूस, आपल्याच घराला चोरासारखा न्याहाळत. घराला नुसते खांब, भिंती नाहीत, त्यामुळे सगळं दिसलं. आईनं केळ्याच्या तीन फोडी खाल्ल्या, माशाचा शेपटाकडचा भाग खाल्ला, आणि ताट पोरींकडे सरकवलं. फेतुनं ते चाटून पुसलं. माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदी फेतुच्या जिभेच्या!

ताई, आपण दोघंही आजीच्या अर्ध्या ताटावरच वाढलो की. म्हाताऱ्या माणसानं अर्धं खायचं आणि वारा घालणाऱ्याला अर्धं ठेवायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण डॉक्टरांच्या तक्त्यात एका माणसाचं ताट होतं, आणि मी तेवढंच तोलून वाढत राहिलो. तक्त्याला आपलं घर माहीत नव्हतं. मला तर होतं.

मी आईला विचारलं. ती म्हणाली, पोरी समोर बसलेल्या असताना मी ताट संपवू, एवढी का मी निर्लज्ज आहे? आणि वर म्हणाली, तूच अलीकडे चिमणीला वाढावं तसं वाढतोस, मला वाटलं बोटी नादुरुस्त व्हायच्या थांबल्या असतील. म्हणजे घर तंगीत आहे समजून माउली दोन महिने गप्प बसली.

त्याच दिवसापासून ताट दुप्पट केलं. केळी बारा, मासा आठ. पोरींचं मागचं वेगळं खाणं बंद. आई बरोबर निम्म्यावर थांबते. मी तोलून पाहिलं, अर्ध्या औंसाचाही फरक नाही. तराजूशिवाय हे कसं जमतं, देव जाणे. कोकोही आता गाळत नाही. तळाचा गाळ चावायला मिळाला नाही तर तो कोको कसला, म्हणाली. उतरलेली साखर जिथल्या तिथे आहे, वजन दोन पौंडांनी वाढलं.

तिकिटाबद्दल मी काही लिहीत नाही. तुझा शब्द तुझा आहे, तो मी मोडणार नाही, आणि आईची पेटी मीच उचलून बोटीवर चढवीन. वहीची नक्कल मात्र सोबत जोडली आहे. त्या शनिवारपर्यंतच्या सगळ्या नोंदींवर लाल रेघ मारली आहे.

चुकलो असेन, तरी मायेत उणं येऊ देऊ नकोस.
तुझा,
तानिएलु

ऑकलंड
२० ऑक्टोबर १९८६

चि. तानिएलुस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. घर आठ दिवस बंद होतं, उघडलं तर कुबट वास आला. तू दिलेला कोको कपाटात ठेवला आणि वास गेला.

तिथं तुझ्यासमोर बोलायचं होतं ते राहून गेलं. आपल्यात भावाबहिणीला समोरासमोर असलं काही बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मुलांच्या रविवारी आपण मोठी माणसं वाढायला उभी होतो, आणि मुलं पांढरे कपडे घालून पहिल्या पंगतीला. वर्षातला तो एकच दिवस, जेव्हा त्यांनी आधी खायचं आणि आपण नंतर. लुपे आणि फेतुनं ताटं निम्मी केली आणि दोन्ही ताटं उचलून आजीपुढे नेऊन ठेवली. कुणी सांगितलं होतं त्यांना? आईनं दोन्ही ताटं संपवली, गाळासकट कोको प्यायली. तू तराजू आणायला निघालास आणि मासिनानं तुझा शर्ट मागून धरला, तेही मी पाहिलं.

सोमवारी सकाळी आईचं तिकीट माझ्या पिशवीत होतं. खाणं झालं की सांगायचं, असं रात्रीच ठरवलं होतं. पोरी सुट्टी म्हणून झोपल्या होत्या. तू ताट ठेवून गेलास, माश्या आल्या, मी सवयीनं पंखा उचलला. आई सावकाश खात होती. केळी निम्मी झाली, मासा निम्मा झाला, ती थांबली. माझ्याकडे बघितलंही नाही, नुसतं ताट माझ्याकडे सरकवलं. माशाचं डोकं माझ्या बाजूला फिरवून ठेवलेलं होतं. मला ते आवडतं हे तिच्या लक्षात आहे. तानिएलु, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. ते अर्धं ताट मी बोटं चाटत संपवलं. त्यानंतर पिशवीत हात घालणं मला जमलं नाही.

आज तिकीट परत करून आले. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, प्रवासी आजारी आहे का. मी म्हटलं, नाही, तिच्या ताटावर दोघीजणी अवलंबून आहेत.

माझ्या टेबलावर रोज सकाळी अर्धा पाव उरतो. तो का उरतो, ते आता कळतं. पुढच्या सुट्टीत महिनाभर येते आहे. वहीत आत्ताच लिहून ठेव, तेव्हा बारा औंसांत भागायचं नाही. अठरा उकड.

लोभ आहेच, तो आईच्या ताटासारखा दोघांत वाटून खाऊ.
तुझी,
आकेनेसे