डोणीतलं शेवाळ

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. आज लिहायला बसले ते एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली म्हणून.

गागोद्याच्या घरामागे, विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. तिच्यातलं शेवाळ मला पुण्याच्या प्रयोगशाळेत हवं होतं. मला निघता येईना, म्हणून दादाकडे निरोप दिला, कुणी येणार असेल तर बाटलीभर पाठव. तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात तूच उभी. पेणहून एसटीने आलेली, हातात लोणच्याची बरणी, तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं. "झाकण लावलं नाय," म्हणालीस, "गुदमरंल म्हणून. कंडक्टर विचारीत होता, मावशी, काय हाय ह्यात? म्हटलं, लेकीचा अभ्यास हाय." बरणी मांडीवर धरून आलेलीस. हिंदकळून हिंदकळून तुझी साडी हिरव्या पाण्याने भिजली होती.

मी तुला मायक्रोस्कोपपाशी बसवते. तू एक डोळा हाताने झाकतेस आणि दुसरा भिंगाला लावतेस. मग म्हणतेस, "पळतात गो ही." मी सांगते, यातल्या एकेका पेशीत हिरवा भाग असतो ना, त्याची स्वतःची वेगळी जनुकं असतात. उन्हावर अन्न तयार करायला एक प्रथिन लागतं, त्याचं जनुक मला अक्षर अन् अक्षर वाचायचंय, त्याची रचना कशी आहे ते बघायचंय. "माज्या डोणीतल्या शेवाळाला येवढं?" तू हसतेस. "वाचून झालं की मला सांग. समजंल तेवढं समजंल."

वाचून होईना. जनुकाचा तुकडा यायला हवा त्याहून फारच लांब यायचा. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, नमुन्यात भेसळ आहे, टाकून दे, दुसरा आण. माझ्याने टाकवेना. बरणीतली एकच पेशी वेगळी काढून मी ती पुन्हा वाढवली, तरी तेच आलं. त्याच दिवसांत तुझं पोट फुगायला लागलं. दादा रोह्याला कंपनीत, म्हणून तुला त्याच्या घरी नेलं. त्याची शिफ्ट असली की मी तुझ्यापाशी बसायची. एकदा पेज भरवताना तू विचारलंस, "तुजं झालं काय गो?" मी म्हटलं, "होईल." "माजं पन व्हईल," म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस.

तुझ्या तेराव्याला रोह्याच्या घरी पंगत बसली होती, मी भात वाढत होते. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला, जनुकाच्या अक्षरांचा पूर्ण क्रम हाती आला होता. आई, भेसळ नव्हतीच. ते जनुकच सलग नव्हतं. मध्ये मध्ये भलतेच तुकडे होते, त्या प्रथिनाशी काही संबंध नसलेले. पेशी आधी सगळ्याची नक्कल काढते, मग नकलेतले हे तुकडे कापून टाकते आणि उरलेलं सांधते. दुसऱ्या काही हिरव्या शेवाळांत असं असतं हे ठाऊक होतं, आपल्या डोणीतल्या शेवाळात असा एक तुकडा जास्त होता. एवढंच. पेज भरवता भरवता सांगून झालं असतं. मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत तुझ्या खोलीकडे निघाले. दारात गेले तर तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. मागून मावशी आली. "काय हवं गो?" म्हणाली. मी परत जाऊन भाताचं पातेलं उचललं.

आता मी रोह्यातच शिकवते. हे जनुक फळ्यावर काढते, मुली वहीत उतरवून घेतात, माझा आवाज कापत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून कपाटात ठेवीन. पण एक कबूल करते. मागे एकदा मी तुझा जुना मोबाइल नंबर लावला. तो आता दुसऱ्या कुणाचा झालाय. एका बाईंनी उचलला, "कोन?" म्हणाल्या. चुकून लागला म्हणून ठेवून द्यायचा होता. त्याऐवजी मी विचारलं, "जेवलात का?" त्या "व्हय, जेवले," म्हणाल्या. "तू जेवलीस?"

मी व्हय म्हटलं. जेवले नव्हते.