धरायची दांडी

७ जुलै, सोमवार
सकाळी आण्णा न्हाणीच्या पायऱ्यांवर घसरले. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचं कोपर सोललं, हाड शाबूत. दुपारी आत्याचा सांगलीहून फोन. म्हणाली, आणिक एकदा पडले की मी गाडी घिऊन येतो आणि वडलांना माझ्याकडं न्हेतो. एकटीच तर असतो मी हितं. तुमच्यानं हुईत न्हाय ते सरळ सांगा की.

मी या विषयात भावनिक नाही. दिवसभर पंपाच्या कास्टिंगची डिझाइनं करते, घराचं त्याहून सोपं. नातीनं आजोबांना धरून ठेवायचा प्रश्नच नाही. आण्णा उचगावातच राहतील, कारण ते तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. एवढंच.

१३ जुलै, रविवार
पाहणी पूर्ण. सर्वांत मोठा धोका: स्टूल. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पूजेला नेसायचं सोवळ्याचं धोतर आण्णा स्वतः धुतात आणि कुणाचा हात लागू नये म्हणून स्टुलावर चढून उंच दोरीवर टाकतात. स्टूल जप्त.

न्हाणीच्या पायऱ्यांशेजारी भिंतीला स्टीलचा ग्रॅब बार बसवला. स्वतः लोंबकळून लोड टेस्ट घेतली. आण्णा म्हणाले, ऐशू, घराची यष्टी केलीस की गं, आता तिकिटं कोण फाडणार? दुर्लक्ष केलं.

१४ जुलै
पहिल्याच दिवशी बारचा वापर सुरू! आण्णांनी त्यावर सोवळं वाळत घातलं. स्टूल नाही, दोरीला हात पोचत नाही, मग ही दांडी बरी, असं त्यांचं म्हणणं. दांडी नव्हे, ग्रॅब बार, असं सांगितलं. व्हय, दांडीच की, म्हणाले.

वापर होतोय हे महत्त्वाचं.

१६ जुलै
किरकोळ अडचण. अंघोळीआधी सोवळ्याला शिवायचं नाही, म्हणून उतरताना आण्णा बार धरत नाहीत. अंघोळीनंतर शिवलेलं चालतं, पण तेव्हा दोन्ही हातांत धोतर असतं. म्हणून चढतानाही धरत नाहीत. बाकी घराला दिवसभर बंदी, कारण या हवेत धोतर वाळता वाळत नाही. आई दोन्ही हात पोटाशी घेऊन पायऱ्यांच्या पार बाहेरच्या कडेनं उतरते. म्हणाली, आधी नुसतं पडायचं भ्या होतं, आता शिवायचंबी हाय.

डिझाइनचा दोष नाही. युजर ट्रेनिंग कमी पडलं.

१९ जुलै
ट्रेनिंग झालं. आण्णांना समजावलं की पडताना माणूस सोवळं-ओवळं बघत नाही. तो रिफ्लेक्स असतो, हात आपोआप धरतो. आण्णांनी शांतपणे ऐकलं. विचारलं, तू कितींदा पडलीयास?

अनुभवाचा इथे संबंध नाही.

२० जुलै, रविवार
पायऱ्यांवर सेन्सरचा दिवा लावला. पहाटे आण्णा आले, दिवा लागला, पाखरं जमली. चातुर्मासात दिव्यावर जीव मेलेले त्यांना चालत नाहीत. त्यांनी दिव्यावर फडकं बांधलं. आता दिवा वेळेवर लागतो, उजेड पडत नाही.

सेन्सर उत्तम आहे.

२७ जुलै, रविवार
समोरच्या भिंतीला दुसरा बार, फक्त धरण्यासाठी. हे आधीच सुचलं होतं, मुद्दाम टप्प्याटप्प्यानं घेतलं. ड्रिलचं बिट तुटलं. पुढच्या रविवारी नक्की. आदल्या दिवशी आत्या पाहणीला येतेय. एका बारवरही तिची खात्री पटेल.

२ ऑगस्ट, शनिवार
आत्याला सगळं दाखवलं. म्हणाली, एवढं लोखंड? शिवाजी पुलाला बी नसंल. मग ती पाय धुवायला उतरली आणि दुसऱ्या पायरीवर सटकली.

मी मागेच उभी होते, म्हणून अचूक लिहिते. तिचा हात बारकडे गेला. अपेक्षेप्रमाणे, आपोआप. तेवढ्यात तिला धोतर दिसलं आणि तिनं हात मागे घेतला. पडता पडता. असा रिफ्लेक्स मी कुठे वाचलेला नाही.

मनगट मोडलं. खाली बसूनच तिनं ओरडून सांगितलं, आण्णा, शिवलो न्हाय बरं का! आण्णा आतून म्हणाले, शाब्बास.

४ ऑगस्ट, सोमवार
आत्याच्या उजव्या हाताला प्लास्टर. इथेच राहा, असं आई म्हणाली. तर म्हणे, दुसराबी मोडून घिऊ व्हय? मग आण्णांनीच पिशवी भरायला घेतली. लेक एकटी हाय, जातो म्हणाले. आईनं विचारलं, मामंजी, तुम्हाला साधा चहा तरी येतोय का? ते म्हणाले, चहा न्हाय येत, पण तिला दम द्यायला कुणीतरी पायजे की.

गाडी चारला गेली. मी मीटिंगमध्ये होते. मीटिंग पुढे ढकलता आली असती, पण निरोप घेणं ही काही तांत्रिक गरज नव्हे.

निकाल: काम सुरू केल्यापासून आण्णा एकदाही पडले नाहीत. उद्दिष्ट साध्य. ते उचगावातच राहतील असंही मी लिहिलं होतं, पण ते दुय्यम होतं.

आण्णांच्या नियमानं सूर्य मावळायच्या आत जेवून घेतलं. आता तशी घाई कुणालाच नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
सांगलीहून आण्णांचा फोन. कशी आहेस वगैरे काही नाही. म्हणाले, हितं सोवळं वाळवायची सोय न्हाय, तसलीच एक दांडी घिऊन ये. जरा लांब बघ, उपरणंबी मावलं पायजे. ग्रॅब बार, मी म्हटलं. व्हय व्हय, म्हणाले, आणि कधी येतीस?

ग्राहकानं स्वतःहून दुसरी ऑर्डर दिली, म्हणजे डिझाइन सिद्ध झालं.

शनिवारी सकाळी जाते. काम अर्ध्या तासाचं आहे. आठवड्याची रजा टाकली. सांगलीच्या भिंतींचा अंदाज नाही.