‘मस्त’ला बंदी

३ फेब्रुवारी
आज समूहगानाच्या वर्गात एका गायिकेचं रेकॉर्डिंग ऐकवलं. विचारलं, काय ऐकलंत? बारा तोंडं, एकच शब्द — मस्त! वर्गातले दंतवैद्य म्हणाले, "बाई, अंगावर काटा आला." कुठल्या सुरावर आला? माहीत नाही! दाढ तपासून हे गृहस्थ ‘मस्त दाढ’ असं लिहून देतात का?
फळ्यावर लिहिलं — मस्त, गोड, भारी, काळजाला भिडलं : बंद! यापुढे फक्त श्वास, लय, उच्चार, कंप, आणि सूर चढा की उतरलेला.

५ फेब्रुवारी
नवरा म्हणाला, चहा मस्त झालाय. म्हटलं, मस्त म्हणजे नेमकं काय? कप उचलून गॅलरीत गेला.

१० फेब्रुवारी
माकडाच्या हाती कोलीत! दंतवैद्यांना आता जिथे तिथे ‘कंप’ ऐकू येतो. आज पंख्यातही सापडला. मागच्या रांगेतल्या शिंपीणबाईंची मात्र मान खाली. खोदून विचारलं तर — "मला नाही जमत हो. गोड वाटलं." म्हटलं, "गोड तर साखरही असते." वर्ग खो खो हसला. त्या नाही हसल्या.

१७ फेब्रुवारी
परीक्षा. मी स्वतःच गायले, मुद्दाम दोन चुका करून. उतरलेला सूर दंतवैद्यांनी पकडला — केवढी ती फुशारकी! दुसरी चूक कुणालाच सापडेना. मग शिंपीणबाई उठल्या.
"तिसऱ्या ओळीत श्वास मध्येच घेतलात, तो मुद्दाम. पण वर चढताना आवाज उसवतो, नुसती हवा सुटते — ते मुद्दाम नाही. महिन्याभरापूर्वी एकाच सुरावर व्हायचं. आता तीन सुरांवर होतं."

"घसा बसलाय," मी म्हटलं. "पुढे!"
मेलीनं भर वर्गात नाक कापलं!

१८ फेब्रुवारी
दार लावून गायले. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, ऐकलं. पुन्हा ऐकलं.
बरोबर तीन सुरांवर हवा सुटते.

२४ फेब्रुवारी
स्वरयंत्रावर गाठ आहे. ऑपरेशन सोमवारी. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या लवकर कुणी येत नाही. लक्षात कुणाच्या आलं?"
घरी येऊन शिंपीणबाईंना फोन लावला. "बोला, बाई," त्या म्हणाल्या. मला एक शब्द सुचेना.