अंगठ्याखालचा वाटाणा

ता. ३, मंगळवार

अडीच महिन्यांनी पत्र आलं, तेही सुरीचं! दोन पानं भरून सुरीची मूठ, सुरीचं पातं, सुरीचं वजन, आणि घरच्या माणसांची चौकशी एका ओळीत कोंबलेली. तुझ्या बापाची कंबर धरलीये, ते विचारायला कागदावर जागा उरली नाही. आता आशीर्वाद देते, कारण द्यावा लागतो.

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र आधी तुझ्या आईने वाचून दाखवलं, मग मी स्वतः अक्षर लावत लावत वाचलं. कोपरापासून मनगटापर्यंत लांब सुरी! अगं, तू भाजी चिरणार की लढाईला जाणार? शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षं तीनशे पोरांची भाजी कापली, ती लोहाराने करवतीच्या पात्यातून काढून दिलेल्या सुरीने. झिजून झिजून ती आता करंगळीएवढी राहिलीये, पण आहे. तुझी ही महाराणी तीस वर्षांनी कुठे असेल ते बघायला मी नसणार, म्हणून आत्ताच हसून घेते.

दुकानदाराने पिकलेला टोमॅटो ठेवून त्यावर सुरी नुसती ओढली आणि टोमॅटो जागचा हलला नाही म्हणतेस. असेल. दुकानात सगळंच चालतं, घरी आणलं की रुसतं.

आणि एक सांग. एवढं कौतुक झाल्यावर खाली एकदम लिहितेस, बाकी ठीक. लहानपणी काचेची बरणी फोडलीस तेव्हाही दारात उभी राहून बाकी ठीक म्हणाली होतीस. या वेळी काय फोडलंस ते लिही.

राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही सांभाळून ठेव.

आजी

*

ता. ७, शनिवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

बरणी नाही, अब्रू फोडली.

तुला माहीतच आहे, तीन वर्षं मी या हॉटेलात भांड्यांच्या मोरीवर आहे. मागच्या महिन्यात कापणीच्या टेबलावरची एक बाई काम सोडून गेली. मुख्य आचारी म्हणाले की तुला घेऊन बघतो, पण टेबलावर प्रत्येकाची सुरी स्वतःची लागते. म्हणून घेतली. दुकानातल्या माणसाने मला डोळे मिटायला लावले आणि एकामागून एक सात सुऱ्या हातात दिल्या. सहा सुऱ्या मी धरल्या. सातवी धरली असं वाटलंच नाही, हातच तेवढा लांब झाला. आजी, मी ती खाली ठेवेचना. त्या माणसाने डोकं हलवलं आणि बाकीच्या सहा मुकाट्याने आत ठेवून दिल्या.

पहिल्या दिवशी टेबलाशी उभी राहिले, डाव्या हातात कांदा उचलला आणि आपल्या घरात सगळे कापतात तसा हवेतच, सुरी अंगठ्यावर ओढत कापायला लागले. सगळं स्वयंपाकघर थांबलं. कोणी हसलंसुद्धा नाही. आचाऱ्यांनी हळूच माझ्या हातातून सुरी काढून घेतली, पुसली, डब्यात ठेवली आणि म्हणाले की तुला ज्याने कापायला शिकवलं, त्याने अंगठा घालवायला शिकवलं. चोवीस तारखेला ते माझा हात पुन्हा बघणार आहेत. कांदा फळीवर राहिला आणि अंगठा बोटांच्या मागे राहिला, तर टेबल. नाहीतर कायमची मोरी.

रोज सराव करते. पाच कांदे नीट जातात. सहाव्याला हात आपोआप उचलतो, अंगठा पुढे येतो. काल अगदी थोडक्यात वाचला. तुला आधी लिहिलं नाही, कारण शिकवलं होतंस तू.

बाबांच्या कंबरेला शेक द्या. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

*

ता. ११, बुधवार

चि. भिंगरीस अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुझ्या त्या आचाऱ्याला चार शेलक्या शिव्या घातल्या. मग दुपारभर गप्प बसले. मी गप्प म्हटल्यावर तुझी आई डॉक्टरला बोलवायला निघाली होती.

आता लिहिते ते नीट वाच, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. माझ्या डाव्या अंगठ्याचं पेर अर्धं आहे. तो दारात सापडला, असं मी सगळ्यांना सांगत आले. तुझे आजोबा तेच खरं धरून गेले. दारबिर काही नव्हतं. शाळेत लागून दुसरं वर्ष, बोथट सुरी बटाट्यावरून सटकली आणि अंगठ्यात गेली. कापायला ठेवलेल्या बाईने स्वतःलाच कापलं म्हटल्यावर तिला कामावर कोण ठेवील? ढकललं दारावर. दार काही उलटून बोलत नाही.

पुढेही मी तसंच कापत राहिले आणि तुलाही तेच शिकवलं, कारण दुसरं येतच नव्हतं. आम्हाला टेबल कुठलं? जमिनीवर बसायचं, पातेलं दोन गुडघ्यांत धरायचं. कांदा ठेवायचा कशावर? अंगठा हीच फळी. ती रीत अडचणीतून आलेली, शहाणपणातून नाही. आचारी खरं बोलला. म्हणूनच तर जास्त झोंबलं.

सोमवारी तुझी सुट्टी असते. निघून ये. फळी आण, सुरी आण. तुझं तोंड पाहायची मला घाई नाही, सुरी पाहायचीये.

खाऊन पिऊन राहा, आजीचा जीव आहे तुझ्यात हे लक्षात असू दे.

आजी

*

ता. १८, बुधवार

चि. भिंगरीस अ. उ. आ.

परवा तू आलीस तेव्हा तुझ्यासमोर मी सुरीबद्दल काही बोलले नाही. बोलले असते तर तू तेच तेच मला वर्षभर ऐकवलं असतंस. आता तू लांब आहेस, म्हणून लिहिते.

तू कापडातून सुरी काढलीस तेव्हा खिडकीतला उजेड पात्यावरून उडून छतावर गेला, आणि आपल्या छताला किती जळमटं आहेत ते मला पहिल्यांदा दिसलं. मी हातात घेतली. जड होती, पण ते वजन मला उचलावं लागलं नाही, तिचं तिनेच उचललं होतं. मग कांदा ठेवला, मूठ खाली नेली. काही आवाज नाही. वाटलं, चुकला वार. बोट लावलं तर कांदा दोन होऊन पडला! कापला गेल्याचं त्या कांद्यालाही कळलं नसेल.

शाळेत भोपळा कापायला आम्ही दोघी लागायचो. एकीने धरायचा, दुसरीने सुरीच्या पाठीवर दगड हाणायचा. ही तुझी सुरी भोपळ्यात आपल्या वजनाने उतरली. मी फक्त तिच्या आड आले नाही. एक काप मी खिडकीशी धरला, तर त्यातून शेजारणीचे वाळत घातलेले कपडे रंगासकट दिसले. तू विचारलंस आजी काय बघतेस, आणि मी म्हटलं भोपळा किडका आहे का ते. खोटं बोलले.

आणि डोळे कोरडे! दहा कांदे कापले, एक टिपूस नाही. तीस वर्षं मी कांद्याच्या नावाने बोटं मोडली. शाळेतले मास्तर म्हणायचे, बाई बिचारी फार सोसते. सोसत कसली होते, सुरी बोथट होती. कांद्याचा काही गुन्हा नव्हता. आता एवढ्या कांद्यांची माफी कुठे जाऊन मागू?

असो. वाटाणा विसरू नकोस. तू सहाव्या कांद्याला हात उचललास तेव्हा मला ते एकदम सुचलं. अंगठा बोटांमागे दुमडून त्याखाली कोरडा वाटाणा धरायचा. अंगठा पुढे आला की वाटाणा पडतो, वाटाणा पडला की माझी टपली. बावीस टपल्या खाल्ल्यास, तेव्हा कुठे टिकला. चोवीस तारखेला टपली मारायला मी तिथे नसेन, म्हणून तीच आठव. मला स्वतःला तो वाटाणा धरता येत नाही, अर्ध्या पेराखालून निसटतो. तुझा अंगठा पुरा आहे. पुराच घरी आण.

बाकी कमीजास्त समजून घे आणि माया ठेव.

आजी

*

ता. २४, मंगळवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

टेबल मिळालं!

आधी हे लिहिलं, कारण तुला शेवट आधी हवा असतो. आता सावकाश सांगते. आचारी समोर हाताची घडी घालून उभे. दहा किलो कांदे. मी कोणाच्या लक्षात न येता वाटाणा अंगठ्याखाली सरकवला. सहावा कांदा आला, हात उठायला निघाला आणि वाटाणा टोचला. हात मुकाट्याने खाली बसला. पुढे किती कांदे झाले ते मोजले नाहीत. सुरी चालली होती आणि मी तिच्याबरोबर चालले होते, एवढंच आठवतं. इतक्या माणसांच्या स्वयंपाकघरात मला फक्त फळीचा आवाज ऐकू येत होता.

संपल्यावर त्यांनी विचारलं की डाव्या हातात काय लपवलंय. मी मूठ उघडली. वाटाणा घामाने फुगला होता. हे कोणी शिकवलं म्हणाले. मी म्हटलं, ज्यांनी अंगठा घालवायला शिकवलं त्यांनीच. मग मी तुझं गुपित फोडलं, आजी, रागावू नकोस. अर्धं पेर, शाळा, तीनशे मुलं, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्या बाईंची सुरी कसली? मी करंगळी दाखवली. ते म्हणाले की तसल्या सुरीने मी तीस दिवसही टिकलो नसतो. मग त्यांनी तो वाटाणा उचलला आणि ज्या खणात ते आपला धार लावायचा दगड ठेवतात, त्यात ठेवला. त्या खणाला आम्ही कोणी हात लावत नाही.

आई-बाबांना नमस्कार. तुझी टपली मला अशीच मिळत राहो.

तुझी
भिंगरी

*

ता. २८, शनिवार

चि. भिंगरीस अ. उ. आ.

गुपित फोडलंस त्याचा हिशेब तू आलीस की करू. तुझं पत्र ऐकून तुझा बाप कंबर विसरला आणि चालत जाऊन शेजारी सांगून आला. आता पुन्हा कण्हतोय. तुझ्या आईने विचारलं की तुमच्या डोळ्यांना काय झालं. कांदा कापत होते म्हटलं. ती म्हणाली, घरात आज कांदा नाही. तुझ्या आईला नको तिथे फार दिसतं.

आता कामाचं. मला सुरी घ्यायचीये. तुझ्यासारखीच, हातभर नाही, पण चांगली. तुझी आई म्हणते, त्र्याहत्तराव्या वर्षी घेऊन किती दिवस वापरणार? मी म्हटलं, आजवर सगळ्या वस्तू माझ्या आधी झिजल्या. एखादी माझ्यानंतर उरू दे.

पण अर्धा अंगठा लपवायचा कुठे, आणि त्या हाताला पातं किती लांब पेलेल, हे तुला ठाऊक नसणार. तू कालची पोर. तेव्हा तू उत्तर लिहू नकोस, कांदे काप. उत्तर तुझ्या आचाऱ्याने लिहायचं, स्वतःच्या हाताने, आणि आधी नमस्कार घालून. वयाने मी मोठी आहे.

आजी